सतरंजीत कोश कोणी ठेवले?

वन्सं, तुम्ही गेलात यावर माझा अजून विश्वास बसत नाही. आता तुम्ही म्हणाल, माझ्या कुठल्या गोष्टीवर तुझा कधी विश्वास बसला होता, शुभा? खरंय. तुम्ही बाजारातून आलात की पिशवीत काय आहे ते मी आधी बघायचे. तुम्ही कोणाशी हळू आवाजात बोललात की माझे कान टवकारायचे. आता तुमची खाट रिकामी आहे, गॅलरीत तुमच्या काचेच्या बरण्या तशाच ओळीने आहेत, आणि मला सारखं वाटतंय की यातही काहीतरी गोम आहे.

भेटायला येणारे म्हणतात, नणंद-भावजय असून सख्ख्या बहिणींसारख्या राहिल्या हो. मी नुसती मान हलवते. कोणाला काय सांगणार? बहिणी अशा राहतात होय? काळाचौकीच्या एका खोलीत, एका मोरीत, एका गॅसवर आपण दोघींनी जन्म काढला. तुम्ही मोठ्या, शिकलेल्या, परळच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, लग्न न केलेल्या. मी कुडाळकडून आलेली, दादरला साडीच्या दुकानात काउंटरला उभी राहणारी. बाई साड्या बघायला आत किती घेऊन गेली आणि बाहेर किती घेऊन आली, यावर नजर ठेवायचा मला पगार मिळायचा. ती नजर संध्याकाळी घरी येताना दुकानात ठेवून येता येत नाही. मग घरात नजर ठेवायला होतं कोण? तुमचे भाऊ तर पेपर उघडून बसायचे, ते पेपरासकट उचलून नेले असते तरी त्यांना कळलं नसतं. उरलात तुम्ही.

आणि तुमचं वागणं तरी सरळ होतं का? सुरवंट पाळणारी बाई मी आयुष्यात दुसरी बघितली नाही.

चाळीच्या मागे तो शेवगा. पावसाळा लागला की त्याच्या खोडावर काळपट तपकिरी सुरवंटांचा थर बसायचा, एकाला एक चिकटून, दिवसभर ढिम्म. लांबून वाटायचं कोणीतरी जुनी घोंगडी गुंडाळलीय. दिवेलागणीला ते सगळे हलायला लागायचे, रांगेने वर चढायचे, पाला खायचे आणि उजाडायच्या आत पुन्हा त्याच जागेवर. एखाददुसरा केस जरी हाताला लागला तरी गांधी उठायच्या. आणि आपल्या कोकणातल्या माणसांना गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी पाहिजेच. भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. अख्खी चाळ त्या झाडावर डोळा ठेवून बसायची. त्यामुळे अष्टमीच्या आधी मंडळाचा सत्या बांबूला रॉकेलचा बोळा बांधून खोड भाजून काढायचा. सगळे टाळ्या वाजवायचे. तुम्ही एका वर्षी जाऊन झाडाला पाठ लावून उभ्या राहिलात.

“बाई, बाजूला व्हा ना. पब्लिकला खाज सुटते राव.”

“सत्या, जाळलंस तर खोडाची साल जाते. पुढच्या वर्षी भाजीला कुठे जाशील? डिलाईल रोडला?”

चाळ हसली, सत्या ओशाळला. मला मात्र वरून गॅलरीत उभं राहून वाटलं, हिला झाडाचं एवढं काय पडलंय? हिच्या मनात दुसरंच काहीतरी आहे.

मग तुम्ही तो गोणपाटाचा उद्योग काढलात. खोडाला ओल्या गोणपाटाचा पट्टा बांधायचा, सकाळी उजाडताना सुरवंट सावलीसाठी त्याच्याखाली गोळा होतात, मग पट्टाच सोडवून अख्खा थर पत्र्याच्या डब्यात. अष्टमीला पाला वाचला, सत्याचं रॉकेल वाचलं, चाळ खूश. पण तो डबा घेऊन तुम्ही जायचात कुठे? विचारलं तर म्हणायचात, “सोडून येते.” साडी बदलून, केस विंचरून सोडून येते! मी काय खुळी आहे?

त्या रविवारी मी तुमच्या पाठोपाठ निघाले. आज सांगायला हरकत नाही, मला पक्कं वाटत होतं की कोणीतरी आहे. शाळेतला एखादा सर असेल. शिवडीच्या बसमध्ये तुम्ही पुढे बसलात, मी मागून चढले, पदर डोक्यावर घेऊन. उतरल्यावर गोदामांच्या पाठीमागून, ट्रकांच्या मधून तुम्ही झपाझपा चालत होतात, आणि मी खांबाआडून खांबाआड. बंदराच्या बाजूला एक मोठं बदामाचं झाड होतं. तिथे थांबलात. मी म्हटलं, आता येईल तो. कोणी आलं नाही. तुम्ही डबा खाली ठेवलात आणि मागे वळूनही न बघता म्हणालात, “आलीच आहेस तर झाकण धर.”

मी झाकण धरलं. काय करणार? तुम्ही एका काटकीने एकेक सुरवंट बदामाच्या खोडाला लावत होतात, जसं काही पोरांना वर्गात बसवताय. येताना मला वडापाव घेऊन दिलात, बसभर एक शब्द विचारला नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला. माणूस चोरी पकडायला जातं आणि हातात झाकण घेऊन परत येतं.

तुमच्याकडून मी काही शिकले असं कोणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही. पण कान तर उघडे होते ना माझे. तुम्ही माझ्या तेजूला सांगायचात, मी भाकऱ्या थापत ऐकायचे. या सुरवंटांचे भाऊबंद थंडीच्या मुलखात असतात म्हणे, तिकडे ते झाडाच्या बेचक्यात रेशमाचा तंबू बांधतात. सगळी भावंडं मिळून. सकाळचं ऊन मिळेल अशा बाजूला. ऊन खायला तंबूवर येऊन बसतात, गारठलं की आत जातात. चरायला जाताना धागा सोडत जातात, आणि ज्याला चांगला पाला सापडला तो परतताना त्या वाटेवर खूण ठेवून येतो, म्हणजे मागच्यांना शोधत बसायला नको. मी तव्यावरून म्हटलं, “म्हणजे आपल्यासारखीच चाळ. फक्त नळावर भांडणं नाहीत.” तुम्ही एवढ्या हसलात की तुमच्या भावांनी पेपर खाली केला. आणि मला लगेच शंका आली, ही मला हसतेय की माझ्या बोलण्याला?

एकदा तुमच्या बरणीतल्या कोशातून पतंग निघाला. जाडजूड, तपकिरी, मिश्या पिसासारख्या. म्हटलं, याला साखरपाणी ठेवू का? तुम्ही म्हणालात, याला खायचं तोंडच नसतं. जे काय खायचं ते सुरवंट असताना. आता पंख मिळाले की जोडीदार शोधायचा, काटकीवर अंडी घालायची, थोड्या दिवसांत संपलं. मला पटलं नाही. तोंड नाही म्हणजे काय? न खाता कोणी जगतं? नीट बघा, कुठेतरी लपवलं असेल. दुसऱ्या एका कोशाला तर भोक पडलं आणि आतून पतंगाऐवजी माशी बाहेर आली. तेजू रडली. माशीने सुरवंटावर आधीच अंडं घातलं होतं, तिचं पिल्लू आत बसून त्यालाच खात होतं, असं तुम्ही तिला समजावलंत. मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, “बघ तेजू, आतून कोण पोखरतंय ते बाहेरून दिसत नाही.”

तुम्हाला कळलं. तुम्ही एवढंच म्हणालात, “माशीलाही पोट आहे, शुभा.” पण तुमचा चेहरा उतरला होता. मला बरं वाटलं त्या दिवशी. लपवत नाही.

कारण तेच तर होतं सगळ्याच्या मुळाशी. तेजू. माझी एकुलती एक पोर, आणि शाळेतून आली की दप्तर टाकून आधी आत्या. पाय दुखला तरी आत्या, पेपर अवघड गेला तरी आत्या. मी दुकानातून दमून यायचे तर दोघी गॅलरीत त्या शेवग्याच्या फांदीत डोकं घालून, आणि मी आले की गप्प. का गप्प? मला वाटायचं, हिला स्वतःचं नाही म्हणून ही माझं घेतेय. रोज थोडं थोडं, मला कळू न देता.

तेजू बीएस्सी झाली तेव्हा मी माझ्या माहेरच्या ओळखीतून दादरचं स्थळ आणलं. मुलगा नोकरीला, घर स्वतःचं, माणसं चांगली. तुम्ही म्हणालात, “तिला पुढे शिकायचंय, तिला विचारलंस का?” मी म्हटलं, तिला काय पाहिजे ते तिच्या आईला कळतं. तुम्ही गप्प बसलात. तुम्ही गप्प बसलात की मला धडकी भरायची.

अष्टमीनंतरचा रविवार होता. मी पहाटेपासून घर घासून काढलं. गॅलरीत वरच्या वाशांवर गुंडाळून ठेवलेली चांगली सतरंजी खाली काढायला लावली. तेजूने ती अंथरली, तुम्ही पोह्यांना कांदा चिरत होतात. दादरची मंडळी आली, मुलाची आई आणि मावशी भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या. पोह्यांची बशी हातात गेली आणि आईने मानेला हात लावला. मग मावशीने पोटऱ्या खाजवल्या. मग दोघी. काही कळायच्या आत मुलाच्या आईच्या मानेवर, दंडावर गांधीच गांधी. मावशी तर उभीच राहिली, “अगो बाई, ढेकूण आहेत काय तुमच्यात?” ढेकूण! माझ्या घरात! मी आमसुलाचं पाणी करायला धावले, आणि तेवढ्यात तुम्ही चिकटपट्टी घेऊन पुढे झालात, त्या बाईच्या मानेवर पट्टी चिकटवून केस उपटून काढायला लागलात. सतरंजीच्या भिंतीकडच्या दुमडलेल्या कडेत सुरवंटांचे कोश होते. ते आपल्या अंगाचेच केस कोशात विणतात, हे तुम्हीच सांगितलं होतं. मंडळी पोहे टाकून गेली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, योग दिसत नाही.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला जे बोलले ते अख्ख्या माळ्याने ऐकलं. तुम्ही मुद्दाम केलंत. तुमचेच सुरवंट, तुमचेच कोश. माझ्या पोरीचा संसार तुम्हाला बघवत नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, मोठे झाले की ते घोळक्यातून सुटतात, एकेकटे हिंडतात, कोश करायला आडोसा शोधतात, भिंतीची फट, वासा, गुंडाळलेलं काहीही. सतरंजी त्यांना आयती मिळाली असेल. असेल! मी म्हटलं, आणि चिकटपट्टी? घरात पाहुणे आलेत, आपण पोहे करतोय, आणि तुमच्या हातात चिकटपट्टी आधीपासून कशी? वन्सं, तुमच्याकडे सगळ्याला उत्तर असायचं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग खिडकीकडे, आणि म्हणालात, “पोहे गार झाले.” बस्स. मला पुरावा मिळाला.

मग काय, आपलं भांडण कायमचं झालं. पण भांडण असलं म्हणून कोणी उपाशी ठेवतं? तुमचं ताट मी रोज वाढलं, आदळून वाढलं, पण वाढलं. तुम्हाला माशाचं डोकं लागायचं, ते तुम्हालाच. दर शेवग्याच्या हंगामात मी एकदा तरी म्हणायचेच, “यंदा कोणाच्या सतरंजीत?” तुम्ही हसायचात आणि शेंगेतला गर ओढत राहायचात. तुम्ही एकदा जरी चिडला असतात ना, तर मला वाटलं असतं की मी चुकतेय. न चिडणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा?

तेजू पुढे शिकली, आणि हिमाचलात सफरचंदांच्या बागांवर नोकरीला गेली. मी स्टेशनवर तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, झालं तुमच्या मनासारखं. मग तिचे फोटो यायला लागले, माझ्या फोनवर नाही, तुमच्या. सफरचंदाच्या बेचक्यात पांढरा, धुरकट तंबू, आणि त्यावर निळसर रेघांचे सुरवंट ऊन खात बसलेले. “आत्या, हे बघ, तुझे भाऊबंद!” तुम्ही फोन लांब धरून, चष्मा कपाळावर ढकलून तासन्‌तास बघायचात. मी पाठीमागून जाताना बघून घ्यायचे. सुंदर होता तो तंबू. मी बोलले नाही.

हॉस्पिटलमध्ये तुम्ही शेवटी खाणंच बंद केलंत. पेज नेली, नको. भाताचं पाणी नेलं, नको. मी डॉक्टरांवर संशय घेतला, नर्सवर घेतला, तुमच्यावर तर घेतलाच, की ही दुखतंय ते सांगत नाही, मला त्रास नको म्हणून नाटक करतेय. एकदा तर रागाने म्हटलं, “तोंड नाही का तुम्हाला त्या पतंगासारखं?” तुम्ही डोळे मिटून हसलात. वन्सं, तुम्हाला दुखत होतं ना? मला खरं सांगायला काय झालं होतं? मी दुसऱ्या कोणाच्या जवळ बसले असते का इतकी?

अजून तुमचं तेरावं व्हायचंय. परवा अष्टमी गेली, सुतक म्हणून काही केलं नाही. सत्या दारात येऊन गेला, आता त्याचेही केस पिकलेत. म्हणाला, “काकी, यंदा झाड तसंच राहू दे, बाई गेल्यात.” त्यामुळे खोडावर थर आहे. काल दिवेलागणीला मी आणि हिमाचलातून आलेली तेजू गॅलरीत उभ्या होतो, ते चढायला लागले ते बघत. तेजू रडून रडून सुजली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, आता ती गेली, आता तरी सांग. ते कोश आत्यानेच ठेवले होते ना?

तेजूने नाक पुसलं. मग म्हणाली, “आई, सतरंजी कोणी अंथरली होती?”

मला आधी कळलंच नाही.

“मी ठेवले होते. आत्याच्या बरणीतले. घाईत हातानेच काढले, हात लालभडक झाले. पोहे होत असताना तिने माझे हात बघितले. एक शब्द विचारला नाही, चिकटपट्टी आणून मोरीत माझ्या बोटांत रुतलेले केस काढत बसली. तेवढ्यात बाहेर ओरडा झाला, ती तशीच पट्टी घेऊन धावली.”

मी म्हटलं, खोटं. तू तिला वाचवतेयस. मेलेल्या माणसाला वाचवून काय मिळतंय तुला? तेजू म्हणाली, “आई, पोलिस आहेस का तू?” आणि मग तिने मला ते सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ती तुम्हाला म्हणाली होती की मी आईला खरं सांगते. तुम्ही म्हणालात, “नको. तुझी आई माझ्याशी भांडेल आणि मला जेवायला वाढेल. तुझ्याशी भांडली तर स्वतः जेवणार नाही.”

म्हणजे इतकी वर्षं मी तुम्हाला टोचत होते आणि तुम्ही शेंगा चोखत होतात. माझी पोर तुम्ही माझ्यापासून नेलीत म्हणून बोंबलत होते, आणि तुम्ही तिला माझ्याकडेच ठेवत होतात. इथेच, या खोलीत बसून, माझ्या हातचं जेवत. मी माफी मागणार नाही. घरात काहीतरी लपवलंय, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते आणि ते खरं निघालं, फक्त माणूस दुसरं निघालं. पण मी गॅलरीचा कठडा घट्ट धरून उभी राहिले.

आणि ऐका. मी तेजूशी भांडले. कडाकडा भांडले, तिथेच, सगळा माळा दारात आला, तुमचे भाऊ पेपर सोडून उठले. आईशी खोटं बोललीस, देवासारख्या बाईवर आळ येऊ दिलास, तोंड वर करून ऐकत राहिलीस, सगळं बोलले. ती पण बोलली, काही शिल्लक ठेवलं नाही तिने. मग कोणीतरी दिवा लावला. तेजूने भात टाकला, डाळ केली, माझ्यापुढे ताट आणून ठेवलं आणि समोर बसून राहिली, तुमच्यासारखी, काही न विचारता.

मी जेवले, वन्सं. रडत जेवले, पण जेवले. दुसऱ्यांदा भात घेतला. एवढी वर्षं तुमचा एक तरी अंदाज खोटा पाडायची वाट बघत होते. काल पाडला. आणि आता सांगू कोणाला?